जंगलातला गट घडवताना: नव्या गेम मास्टरसाठी पायरीपायरीने

फँटसी रोलप्लेइंग गेममध्ये एक जण, म्हणजे गेम मास्टर, गोष्ट चालवतो आणि बाकीचे खेळाडू त्यातली एकेक भूमिका घेऊन बोलतात. तुम्ही पहिल्यांदाच असा गेम चालवायला घेतला असेल आणि तुमच्या नकाशावर जंगल असेल, तर एक प्रश्न लवकरच येतो: त्या जंगलात राहतं कोण? बहुतेक जण वहीत लिहितात, ‘जंगलाचं रक्षण करणारा एक प्राचीन पंथ’. वाक्य वाचायला बरं वाटतं. पण खेळ सुरू होतो, खेळाडू त्या पंथाच्या माणसाला विचारतात, ‘आम्हाला नदीपलीकडे सोडाल का?’, आणि तिथे अडतं. हो म्हणायचं की नाही, म्हणायचं तर कशाच्या बदल्यात, हे त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

मी खान्देशात, मराठी आणि अहिराणी मिसळून बोलणाऱ्या मंडळींसाठी हा खेळ चालवतो. जंगलातले गट मला फार आवडतात आणि ते फुकट गेलेले बघवत नाहीत. माझं ठाम मत असं आहे की ज्या श्रद्धेपायी गटाला काहीतरी सोडावं लागतं, तीच श्रद्धा टेबलावर, म्हणजे प्रत्यक्ष खेळताना, दिसते. बाकीची वहीतच पडून राहते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत. उदाहरण म्हणून ‘गाठकरी’ नावाचा माझाच एक काल्पनिक गट घेतो. हवा तर उचला, हवा तसा बदला.

काय काय लागेल

- एक वही आणि पेन्सिल. एका गटाला एकच पान द्यायचं. वीस पानांचा इतिहास खेळताना कोणी उघडून बघत नाही, चालवणाराही नाही.
- फाशांचा संच: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक आणि दहा बाजूंचे दोन.
- नियम. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ पहिल्यांदा १९७४ साली आला. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. सुरुवातीला तेवढे पुरतात. दुसरा कुठलाही खेळ असला तरी हा लेख चालेल.
- सातपुड्याचा एखादा खरा नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे यासाठी उत्तम. समोच्च रेषा आणि नाले तसेच ठेवा, गावांची नावं काढून टाका, की तुमचा फँटसी नकाशा अर्धा तयार.
- हातभर लांबीचे सुतळीचे तुकडे, प्रत्येक खेळाडूला एक. कशाला ते शेवटच्या पायरीत येईल.

१. आधी जंगल ठरवा, माणसं नंतर

फँटसीतलं जंगल म्हटलं की डोळ्यांसमोर धुकं, शेवाळ आणि ओकची अजस्र झाडं येतात. ते चित्र आपण पडद्यावरून उचललेलं असतं आणि त्याबद्दल आपल्याला स्वतःचं असं काहीच ठाऊक नसतं. धुक्यातल्या माणसाला तहान कधी लागते, लाकूड कधी ओलं असतं, वाट कधी बंद होते, हे आपण सांगू शकत नाही. मग गटही पोकळ होतो.

आपल्याला माहीत असलेलं जंगल घ्या. सातपुड्याचं जंगल पानझडीचं आहे: साग, सालई, धावडा, तेंदू, मोह, पळस, अंजन. होळीच्या सुमाराला पळस पेटल्यासारखा फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे टपटप गळतात आणि उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात. पाऊस यायच्या आधी तेंदूची पानं तोडली जातात. पावसाळ्यात सागाला फुलोरा येतो आणि नाले वाटा अडवतात. एकच डोंगर मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये पाहिला तर दोन वेगळे प्रदेश वाटावेत इतका बदलतो.

वहीत चार रकाने आखा: होळीचा काळ, कडक उन्हाळा, पावसाळा, थंडी. प्रत्येकात तीनच गोष्टी लिहा. खायला काय मिळतं, पाणी कुठे आहे, कुठली वाट बंद आहे. जंगलाचा देव कोण, हा प्रश्न इथे अजिबात काढायचा नाही.

गाठकऱ्यांसाठी मी अंजन निवडला. खान्देशातल्या खडकाळ उतारांवर हे झाड तग धरतं. थोडेच दिवस निष्पर्ण राहतं आणि ऐन उन्हात नवी पालवी धरतं. पाला गुरांना चालतो, लाकूड आपल्या देशातल्या सर्वांत जड लाकडांपैकी आहे आणि सालीच्या तंतूंपासून मजबूत दोर वळता येतात. एका झाडात एवढं असेल तर गट कुठून सुरू करायचा हे शोधत बसावं लागत नाही.

२. गट कशावर जगतो?

श्रद्धेच्या आधी पोट. गटाचं काम एका ओळीत लिहा आणि त्या कामासाठी त्यांना बाहेरून काय आणावं लागतं ते दुसऱ्या ओळीत.

गाठकरी अंजनाच्या सालीचे दोर वळतात. खालच्या नदीवरचे नावाडी आणि गाडीवाले ते विकत घेतात. बदल्यात गाठकऱ्यांना मीठ, लोखंड आणि ज्वारी लागते. जंगलात मीठ मिळत नाही.

इथला सापळा नीट ओळखा. नवा चालवणारा हौसेने लिहितो की या लोकांना बाहेरच्या जगाची गरजच नाही. वाचायला थोर वाटतं, पण असा गट खेळाडूंशी बोलेल तरी कशाला? ज्याला कोणाचीच गरज नाही, त्याच्याशी सौदा होत नाही, भांडण होत नाही, मैत्रीही होत नाही. गरज लिहा. मिठाचा व्यापारी महिनाभर आला नाही, एवढ्या एका बातमीवर अख्खं सेशन, म्हणजे एका बैठकीचा खेळ, उभं राहतं.

३. श्रद्धा तीन रकान्यांत लिहा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

पानावर तीन रकाने: काय मानतात, म्हणून काय करतात, त्यामुळे काय गमावतात. तिसरा रकाना भरता आला नाही तर ती ओळ खोडायची. ‘निसर्ग पवित्र आहे’ लिहिलंत, ‘म्हणून त्याचा आदर करतात’ लिहिलंत, आणि तिसऱ्या रकान्यात काही सुचलं नाही, तर खेळात त्या श्रद्धेने काही घडणार नाही.

गाठकऱ्यांच्या तीन ओळी अशा आहेत.

*पहिली.* जंगलातून घेतलेलं सगळं उसनं असतं. म्हणून घेणारा कमरेच्या दोरीला गाठ मारतो आणि परतफेड केल्यावरच सोडतो. परतफेड म्हणजे रोप जगवणं, झऱ्यातला गाळ काढणं, जखमी जनावराची देखभाल. गमावतात ते असं: ज्याच्या दोरीला सात गाठी झाल्या त्याला तो हंगाम साल काढता येत नाही, मग बाजारात दोराला कितीही भाव असो.

*दुसरी.* गाठी माणसाबरोबर मरत नाहीत. म्हणून वारसाला घराबरोबर दोरीही मिळते. त्यामुळे नऊ वर्षांची एखादी पोर आजोबांच्या अकरा गाठी कमरेला बांधून फिरते आणि तिला अजून स्वतःसाठी एक फांदीही तोडायची मुभा नाही.

*तिसरी.* आमचा दोर माणसाला बांधायचा नाही. तीन पिढ्यांपूर्वी राजाच्या शिपायांनी गाठकऱ्यांकडून दोर विकत घेतले आणि त्याच दोरांनी त्यांची माणसं बांधून खाणीवर नेली. तेव्हापासून विकण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाकडून तसं वचन घेतात. त्यामुळे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, म्हणजे राजाचं सैन्य, हातचं गेलं. चोर पकडला तरी त्याला डांबून ठेवायची सोय त्यांच्याकडे नाही.

तिसरी ओळ बघा. तिच्यात देव नाही, मंत्र नाही, सृष्टीची उत्पत्ती नाही. तरी हे लोक कोण आहेत ते तिच्यातूनच सगळ्यात जास्त कळतं. देवाधर्माची भव्य कथा रचायची असेल तर जरूर रचा, पण अशा तीन ओळी हातात आल्यावर. नऊ खान्यांचं नैतिक वर्गीकरण, म्हणजे लॉफुल गुड, केऑटिक न्यूट्रल वगैरे, हेही शेवटी भरा. दोरीला सात गाठी असलेली आई तापाने फणफणलेल्या मुलासाठी साल काढेल की नाही, हे त्या खान्यातून कळत नाही.

४. वर्ज्य काय ते लिहा, आणि कारणासकट लिहा

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत ड्रुइडबद्दल, म्हणजे निसर्गाची जादू वापरणाऱ्या पात्राबद्दल, एक ओळ आहे: ड्रुइड धातूचं चिलखत किंवा ढाल वापरत नाहीत. त्या ओळीत कारण दिलेलं नाही. म्हणून खजिन्यात चांगली ढाल सापडली की वाद सुरू होतो. घातली तर काय होईल? शक्ती जाईल, की लोक काय म्हणतील एवढंच? कारण माहीत नसलेलं वर्ज्य खेळाडूला नुसती आडकाठी वाटते. कारण माहीत असेल तर तो स्वतःच ते पाळायला किंवा मोडायला निमित्त शोधतो, आणि दोन्हींत मजा आहे.

एका गटाला दोन वर्ज्यं पुरतात. प्रत्येकासमोर तीन प्रश्नांची उत्तरं हवीत: हे का सुरू झालं, मोडलं तर कोण काय करतं, आणि कोण गुपचूप मोडतो. तिसऱ्या उत्तरातून तुम्हाला पात्रं मिळतील.

५. गटाच्या आतला वाद

अख्ख्या गटाचं एकमत असेल तर एका माणसाशी बोलणं आणि शंभरांशी बोलणं सारखंच. वाद हवा. म्हातारे विरुद्ध तरुण हा वाद सगळ्यांना आधी सुचतो. तो बाजूला ठेवा. कामातून येणारा वाद शोधा, कारण त्यात दोन्ही बाजू खऱ्या असतात.

आपल्या जंगलात असा वाद तयारच आहे. मोहाची फुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा अनेकदा जाळतात. जमीन साफ झाली की फूल दिसतं. पण ती आग कधी कधी पुढे सरकते आणि रोपं खाते. आता गाठकऱ्यांमध्ये बघा: मोह वेचणाऱ्या घरांना पाचोळा जाळायचा आहे, दोर वळणाऱ्या घरांना अंजनाची कोवळी रोपं वाचवायची आहेत. दोघंही जंगलावरच जगतात, दोघंही गाठी मारतात. जाळलेल्या रोपाची गाठ कोणाच्या दोरीला, यावर त्यांची पंचायत बसते. तुमचे खेळाडू नेमके त्याच दिवशी पोचले आणि बाहेरची माणसं म्हणून निवाडा करायला त्यांनाच बसवलं, तर तुम्हाला राक्षस आणायची गरज पडणार नाही.

प्रत्येक बाजूला एक नाव असलेलं माणूस द्या. माझ्याकडे मोहवाल्यांची म्होरकी रुखी आहे. चिडकी, हिशोबाला पक्की, आणि तिच्या स्वतःच्या दोरीला एकही गाठ नाही. ती कशी नाही, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

६. शेजारी कोण?

रावेर-यावलच्या बाजूला उभं राहिलं की एका नजरेत दोन जगं दिसतात: तापीच्या सपाटीवर पाण्यावर वाढणारे केळीचे मळे, आणि उत्तरेला सातपुड्याचे कोरडे उतार. खालच्यांचं पाणी वरून येतं, वरच्यांचं धान्य खालून. गटाचा शेजारी ठरवताना अशी देवाणघेवाण शोधा. ‘जंगलवाले चांगले, शहरवाले वाईट’ या जोडीने दोन सेशनं निघतात, पुढे सगळे कंटाळतात.

इतिहासही तेच सांगतो. १८१८ मध्ये खान्देश कंपनी सरकारकडे गेला. १८२५ मध्ये कंपनीचा अधिकारी जेम्स आउटरमने धरणगावला भिल्ल पलटण उभी करायला घेतली, म्हणजे ज्यांच्याशी लढाई चालू होती त्यांतल्याच काहींना नोकरीवर घेतलं. भिल्ल नेते खाज्या नाईक कंपनीसाठी सेंधवा घाटाच्या वाटेची राखण करत होते, आणि तेच १८५७ मध्ये कंपनीविरुद्ध उभे राहिले. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात आंबापाणीची लढाई झाली. घाट राखणारा आणि घाट अडवणारा माणूस एकच असू शकतो. तुमच्या गटाने शेजाऱ्याची चाकरी केली असेल, त्याच्याकडून पैसे घेतले असतील, मग फसवणूक झाली म्हणून शस्त्र उचललं असेल, तर ते नातं दहा वाक्यांच्या वैरापेक्षा जास्त टिकतं.

पानावर दोन शेजारी लिहा आणि प्रत्येकासमोर: आम्ही त्यांना काय देतो, ते आम्हाला काय देतात, शेवटचं भांडण कशावरून झालं.

७. नाव, बोली, खूण

हे पटकन होतं. नाव त्यांच्या कामावरून किंवा सवयीवरून ठेवा, उच्चारायला सोपं असावं. अॅपॉस्ट्रॉफी घातलेली परदेशी वाटणारी नावं टेबलावर कोणाच्या तोंडात बसत नाहीत. खूण अंगावर दिसेल अशी हवी. गाठकऱ्यांना कमरेची दोरी पुरते.

बोलीसाठी एक नमस्कार आणि एक शिवी ठरवली तरी भागतं. आमचे गाठकरी भेटल्यावर विचारतात, ‘दोरी कोरी शे का?’ आणि समोरचा आपल्या गाठी सांगतो. टेबलावर अहिराणी येणारे असतील तर ती वापरा, पण एक पथ्य पाळा: राजा आणि जादूगार प्रमाण मराठीत बोलतात आणि अहिराणी फक्त अडाणी पहारेकऱ्याच्या तोंडी, असं होऊ देऊ नका. गटातल्या सर्वांत शहाण्या माणसाला अहिराणी द्या.

८. खऱ्या माणसांची दैवतं खेळात ओढू नका

सातपुड्यात भिल्ल, पावरा, तडवी, मावची, कोकणी अशा अनेक समाजांची माणसं राहतात. याहामोगी, वाघदेव ही त्यांची आजची, जिवंत दैवतं आहेत. महाशिवरात्रीला याहामोगीच्या यात्रेसाठी लोक डोंगर ओलांडून जातात. नंदुरबार जिल्ह्यात काठी गावची होळी असते, तेव्हा अंगावर रंगरेषा, डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि पायात घुंगरू घालून नाचणाऱ्यांनी आधी काही दिवस व्रत पाळलेलं असतं. हे सगळं पाहिल्यावर आपल्या खेळात घ्यावंसं वाटणं साहजिक आहे, कारण ते फार देखणं आहे. तरीही घेऊ नका. कोणाच्या आईच्या देवीला हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल त्याचा आकडा, लावून तिच्याशी लढाई ठेवणं हे त्या माणसासमोर तुम्ही करू शकणार नाही. मग त्याच्या पाठीमागेही करू नका.

मग घ्यायचं काय? झाडं, ऋतू, डोंगराचे उतार, कामाच्या पद्धती. त्यांतून उभे राहणारे प्रश्न. उत्तरं मात्र तुमच्या कल्पनेतली हवीत. गाठी मारण्याची प्रथा मी यासाठीच रचली, कोणाची उचलली नाही.

टेबलावर आदिवासी कुटुंबातला मित्र किंवा मैत्रीण असेल तर त्यांना ‘तुमच्याकडे कसं असतं?’ विचारून गटाचा प्रवक्ता बनवू नका. खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, जिला सेशन झिरो म्हणतात, सगळ्यांनाच विचारा: कुठली गोष्ट खेळात नको? उत्तर मिळालं की कारण न विचारता ती पानावरून काढा. ‘रानटी’, ‘जंगली’ ही विशेषणं मी एनपीसीच्या, म्हणजे गेम मास्टर चालवतो त्या पात्रांच्या, वर्णनातून पूर्ण काढली आहेत, आणि त्यामुळे मला दर वेळी काहीतरी नेमकं बघून लिहावं लागतं.

९. टेबलावर आणा

गटाची माहिती खेळाडूंना वाचून दाखवायची नाही. ती त्यांच्या हातात द्यायची.

पहिल्या भेटीत गाठकरी प्रत्येक पाहुण्याला दोरीचा तुकडा देतात. इथे सुतळी वाटा. खेळाडूने झऱ्याचं पाणी भरून घेतलं, औषधी मुळी खणली, वाटाड्या मागितला, की एक गाठ. फेडायला खेळातला एक दिवस आणि काहीतरी काम लागतं. नियम साधा ठेवा: तीन गाठींपर्यंत कोणी काही बोलत नाही. तीनपेक्षा जास्त झाल्या की गाठकऱ्यांना काही पटवताना डिसअॅडव्हान्टेज, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि कमी आकडा घ्यायचा. सात झाल्या की वाटाड्या मिळत नाही. उलट, ज्याची दोरी कोरी आहे त्याला अॅडव्हान्टेज द्या.

दुसऱ्या सेशनमध्ये वर्ज्याची परीक्षा ठेवा. खेळाडूंनी एक दरोडेखोर जिवंत पकडला आहे, रात्र आहे, दमलेले आहेत, आणि जवळ दोर आहे तो गाठकऱ्यांचा. वचन त्यांनी दिलेलं आहे. इथे तुम्ही गप्प बसा. कुठलाही निर्णय चुकीचा ठरवू नका, पण त्याचा परिणाम नक्की दाखवा. बांधलं तर सकाळी वाटाड्याला कळतं. नाही बांधलं तर रात्रभर पहारा द्यावा लागतो, आणि न झोपलेला जादूगार दुसऱ्या दिवशी मंत्रांविना उतरतो.

खेळाडू हुशारी करतील. कोणी म्हणेल, दोर उसवून पट्टी केली तर तो दोर राहतो का? कोणी दरोडेखोरालाच गाठकऱ्यांच्या पंचायतीत नेईल. लगेच उत्तर द्यायची घाई नको. ‘रुखी विचारात पडते’ एवढं म्हणा आणि पुढच्या सेशनपर्यंत स्वतः विचार करा.

प्रत्येक सेशननंतर पानावर दोन ओळी वाढवा: गटाने काय पाहिलं, आणि त्यामुळे त्यांचं मत कुठे हललं. तीन सेशनांत एकदाही न आलेली ओळ खोडा. मग पान एखाद्या खेळाडूकडे द्या आणि त्याला गाठकऱ्यांची एक नवी प्रथा लिहू द्या. प्रथा कुठलीही चालेल. पण त्यानेही तीन रकान्यांतच लिहायचं, आणि तिसरा रकाना कोरा असेल तर पान परत त्याच्याच हातात द्यायचं.